सेफ अरेस्ट आणि कंट्रोलचा शनिवार-रविवारचा कोर्स केला, पोलीस मित्रमैत्रिणींसाठी सविस्तर रिव्ह्यू

निकाल आधीच सांगते. पाचपैकी चार स्टार. तुमच्या युनिटला असा कोर्स आला तर नाव द्या, सिक (आजारपणाची रजा) टाकून पळू नका. आणि जे अधिकारी हे वाचतायत त्यांनी डीबीची (गुन्हे प्रकटीकरण पथकाची) आणि बीट मार्शलची (गस्तीवरची) पोरं आधी पाठवा, कारण रस्त्यावर आरोपीच्या अंगाला पहिला हात त्यांचाच लागतो. एक स्टार का कापला ते खाली लिहिलंय, तेही वाचा.

मी ग्रामीण जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात अंमलदार आहे. कोर्स घेणारी संस्था खाजगी, फी युनिटने भरली, जागा मुख्यालयाचा हॉल आणि बाहेरचं ग्राउंड. संस्थेचं नाव इथे टाकत नाही कारण तक्रारी पण आहेत आणि त्या मी त्यांना फॉर्मवर लिहून दिल्यात, सुधारणा करतील असं वाटतं. शिकवायला लष्करातून निवृत्त झालेले एक सर, ज्युदोचे एक कोच, आणि कायद्याच्या तासाला सरकारी वकील मॅडम. अर्धा दिवस एक महिला ट्रेनर पण होत्या.

पहिला प्रश्न सगळेच विचारतात, की भरतीनंतरच्या ट्रेनिंगला यूएसी (अनआर्म्ड कॉम्बॅट, म्हणजे बिनशस्त्र झुंज) केलंच की आपण, मग ह्यात वेगळं काय. यूएसीमध्ये समोरच्याचा वार अडवायचा, त्याला पाडायचं, चाकू काढून घ्यायचा हे शिकलो आणि ते लागतंच, त्याबद्दल वादच नाही. पण पाडल्यावर पुढे काय? रस्त्यावर खरा गोंधळ तर तिथून सुरू होतो. माणूस खाली, चार जण त्याच्यावर, कोणाचा गुडघा कुठे कोणाचा हात कुठे, बेडी एकाकडे चावी दुसऱ्याकडे, बाजूला पब्लिक मोबाईल काढून उभी. ह्या कोर्सचा सगळा भर पाडल्यानंतरच्या त्या दोन-तीन मिनिटांवर आहे, आणि माझ्या मते तेच शिकायला जायचं.

सुरुवात मात्र बोलण्यापासून होते. सरांनी एका पोराला आरोपी केलं आणि चौघांना म्हणाले, नेहमी पकडता तसं पकडा. झालं, एक ओरडतोय खाली बस, दुसरा हात वर कर, तिसरा हलू नको, चौथा चल गाडीत बस. मग सरांनी त्या पोराला विचारलं तुला काय कळलं, तो म्हणाला काहीच नाही सर, नुसता आरडाओरडा. बरोबरच आहे, त्याने काहीही केलं तरी एकाचं ऐकलं आणि तिघांचं मोडलं असंच होणार, आणि आपण लिहिणार की आरोपीने विरोध केला. म्हणून नियम एकच, बोलणार एक जण, बाकीचे गप्प, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगायची. हात दाखव. वळ. गुडघ्यावर बस. बोलणारा थेट समोर उभा राहत नाही, थोडा तिरका, दोन हात अंतर ठेवून, पिस्तूल असलेली बाजू मागे. दुसरा बाजूला, त्याचं लक्ष आरोपीच्या हातांवर आणि आजूबाजूच्या लोकांवर, कारण वार हातानेच होतो. बऱ्याच वेळा एवढ्यावरच काम होतं, माणूस स्वतःहून ताब्यात येतो, आणि कायदाही तेच म्हणतो की शब्दाने किंवा कृतीने ताब्यात आला तर अंगाला हात लावून धरायची गरज नाही.

बेडीवर भरपूर वेळ दिला आणि तो द्यायलाच हवा होता, कारण आपल्याकडे बेडी घालायची सवयच मोडलीय. १९८० साली प्रेम शंकर शुक्ला केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सरसकट बेड्या घालणं बंद केलं, तेव्हापासून आपण आरोपीच्या बोटांत बोटं अडकवून त्याला कोर्टात नेतो, कुठल्याही कोर्टाच्या आवारात बघा हेच चित्र दिसेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कलम ४३ मध्ये ठराविक प्रकरणांत बेडीची मुभा आली. सराईत गुन्हेगार, कस्टडीतून पळालेला, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्र, खून, बलात्कार, ॲसिड हल्ला, लहान मुलांवरचे लैंगिक गुन्हे अशी ती यादी आहे. मुभा आली पण हात शिकलेला नाही, असं झालंय बऱ्याच ठिकाणी.

तर बेडी कशी घालायची. आपटून नाही. पातळ पट्टी मनगटावर टेकवायची आणि दाबायची, ती आपोआप फिरून पलीकडे जाते आणि दाते धरते. जागा कुठली, तर मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं त्याच्या आणि तळहाताच्या मधली खाच. हात पाठीमागे, हातांच्या पाठी एकमेकींकडे, तळवे बाहेर, चावीचं भोक त्याच्या बोटांपासून लांब. एक हात अडकला की त्या बेडीवरची आपली पकड सोडायची नाही, कारण एका हातात लटकणारी उघडी बेडी म्हणजे त्याच्या हातात आपणच लोखंड दिलं. दोन्ही झाल्या की बोटाचं टोक आत घालून बघायचं, जात असेल तर ठीक. आणि मग डबल लॉक, चावीच्या मागे जी बारीक पिन असते ती दाबायची. हे बहुतेकांना माहीतच नव्हतं की ती पिन कशासाठी आहे. डबल लॉक केलं नाही तर माणूस गाडीत टेकून बसला की त्याच्याच वजनाने बेडी आवळत जाते, अंगठ्याच्या मागच्या बाजूला जाणारी नस दबते आणि तो भाग पुढे कितीतरी दिवस बधिर राहू शकतो. मग मेडिकलला डॉक्टर लिहिणार, आणि कोर्टात उत्तर आपल्याला द्यावं लागणार. आरोपी म्हणाला साहेब टाइट झालीय, तर परत बोट घालून बघायचं आणि वेळ लिहून ठेवायची. आमच्याकडच्या काही जुन्या बेड्यांना डबल लॉकच नाही, त्या बदलून मागायला हव्यात.

बेडी नसेल तेव्हा न्यायचं कसं तेही दाखवलं. बोटांत बोटं अडकवलेली असताना त्याने हिसका दिला तर मोडणार आपलं बोट. त्याऐवजी एक हात त्याच्या कोपराच्या वर, दुसरा मनगटावर, आपण अर्धं पाऊल मागे. साधी गोष्ट आहे, पण कैदी पार्टीवाल्यांनी (कैद्यांची ने-आण करणाऱ्यांनी) तरी नक्की शिकावी.

आता मुख्य गोष्टीकडे येते, ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

माणसाला पालथं पाडून पाठीवर बसायचं, हे आपल्याकडे इतकं सवयीचं आहे की त्यात कोणाला काही वाटतही नाही. सरांनी आम्हाला ग्राउंडला एक राउंड जोरात पळवलं आणि तशाच दमलेल्या अवस्थेत मॅटवर पालथं झोपवलं, हात पाठीमागे. पाठीवर कोणीही नाही, गुडघा नाही, काही नाही. तरी थोड्याच वेळात सगळे मान वळवायला लागले, छाती वर उचलायला लागले, माझ्या शेजारचा एक तगडा पोरगा तर कुशीवर वळूनच गेला. मग सरांनी समजावलं. श्वास घ्यायला छाती फुगावी लागते आणि पोट पुढे यावं लागतं. पालथ्या माणसाचं पोट जमिनीला दाबलेलं, त्यात पाठीवर वजन आलं की दोन्ही बंद. त्यात तो झटापट करून दमलेला, म्हणजे त्याला हवा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पाहिजे. मग तो श्वासासाठी अंग वर उचलतो. आपल्याला वाटतं विरोध करतोय, म्हणून आपण आणखी दाबतो. तो आणखी उचलतो, आपण आणखी दाबतो. आणि मग तो एकदम शांत होतो, आणि आपल्याला वाटतं, आला बाबा एकदाचा ताब्यात. तो शांत होणंच सगळ्यात धोक्याचं आहे, हे सरांनी परत परत सांगितलं.

अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५ मध्येच पोलिसांसाठी ह्यावर सूचना काढली होती, की बेडी लागली की लगेच माणसाला पोटावरून उठवा. तरी २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड गेला, मानेवर नऊ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गुडघा, हात आधीच बेडीत. हे सगळ्यांना माहीत आहे. मला जे माहीत नव्हतं आणि कोर्समध्ये कळलं ते असं, की तिथे असलेल्या चार पोलिसांपैकी एक अगदी नवा, ड्युटीवर येऊन काही दिवसच झालेले, त्याने त्या वेळात याला कुशीवर वळवू का असं सीनियरला दोनदा विचारलं होतं. सीनियर नाही म्हणाला. नवा गप्प बसला. पुढे शिक्षा त्या नव्या पोरालाही झाली.

हे ऐकल्यावर हॉलमध्ये शिपाई लोकांच्या चेहऱ्याकडे बघायला पाहिजे होतं. कारण प्रत्येकाला कळलं की आपल्यावर ती वेळ आली तर आपणही गप्पच बसू. पीआय साहेबांना, पीएसआय साहेबांना, उठा साहेब बास आता, असं कोण म्हणणार?

आणि इथेच हा कोर्स बाकी सगळ्यांपेक्षा वेगळा ठरतो. त्यांनी प्रत्येक ड्रिलमध्ये एक माणूस ठरवला, त्याचं काम आरोपीला धरायचं नाहीच. तो डोक्यापाशी बसणार, तोंड-नाक मोकळं आहे का बघणार, श्वास चालू आहे का बघणार, त्याच्याशी बोलत राहणार. इंग्लंडच्या पोलिसांत अशी पद्धत आहे, सेफ्टी ऑफिसर म्हणतात त्याला. तो म्हणाला वळवा, की वळवायचं. रँक बघायची नाही, का म्हणून विचारायचं नाही. आणि सरांनी मुद्दाम ते काम सगळ्यात ज्युनियरला दिलं आणि धरायला अधिकाऱ्यांना बसवलं. पहिल्या ड्रिलला आमच्या बॅचमधली एक नवीन मुलगी तोंडातल्या तोंडात वळवा म्हणाली, कोणाला ऐकूच गेलं नाही. सर म्हणाले, परत. परत पुटपुटली. परत. मग मात्र ती अशी ओरडली की दोन्ही साहेब एका झटक्यात बाजूला झाले. सर म्हणाले, बास, हेच पाहिजे. संपूर्ण कोर्समध्ये मला जर एकच गोष्ट घरी न्यायला सांगितली तर मी ही नेईन.

त्याच्या बरोबरीने काही पक्के नियम दिले. मानेवर काहीही नाही, हात नाही, गुडघा नाही, लाठी तर अजिबात नाही. पालथं असताना दाब द्यायचाच झाला तर खांद्याच्या पात्यावर, मणक्यावर नाही, आणि फक्त बेडी लागेपर्यंत. बेडी लागली की कुशीवर, मग बसवायचं, मग उभं करायचं. बेडी घालून पालथं गाडीत टाकायचं नाही, बसवूनच न्यायचं. श्वास घेता येत नाही म्हणाला तर नाटक समजायचं नाही, आणि बोलतोय म्हणजे श्वास ठीक आहे असंही समजायचं नाही, दोन शब्द बोलायला हवा फार थोडी लागते. दारू प्यायलेला, नशेत असलेला, जाड, घामाने निथळलेला, आधी खूप पळालेला असेल तर जास्त सांभाळायचं, शंका आली की १०८.

आता आमच्यातले एक जुने हवालदार जेवताना म्हणाले, हे सगळं नाजूकपणाचं शिक्षण आहे, आरोपी असा ऐकत नसतो. त्यांचा मान ठेवून सांगते, मला ते पटत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे साहेबांकडे नुसती लाठी होती. एके ४७ ची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, सोडली नाही, आणि त्यामुळे सोबतच्या लोकांना कसाबला जिवंत पकडता आलं. तो जिवंत सापडला म्हणून पुरावा मिळाला, खटला चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. ओंबळे साहेबांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. जिवंत पकडण्यात केवढं बळ लागतं हे आपल्या खात्याइतकं कोणाला माहीत आहे? मग साध्या चोराला, दारुड्याला जिवंत आणि धडधाकट कोर्टासमोर उभं करण्यात कमीपणा कसला?

कायद्याचा तास छोटा होता पण वकील मॅडमनी मुद्द्याचं सांगितलं. त्याच सुरक्षा संहितेचं कलम ४६, पळून जाऊ नये एवढ्यापुरताच अटकाव, त्याच्या वर नाही. डी. के. बसू केस १९९६ ची, त्यात सुप्रीम कोर्टाने अटकेसाठी घालून दिलेले नियम, म्हणजे नावाची पट्टी, अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदार, नातेवाईकांना कळवणं, कोठडीत दर ४८ तासांनी मेडिकल. कस्टडीत माणूस गेला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी लागते आणि मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं. हे सगळं आपण वाचलेलं असतं, पण त्यांनी स्टेशन डायरीची एंट्री कशी लिहायची ते करून दाखवलं, ते चांगलं होतं. आरोपीने विरोध केला म्हणून आवश्यक बळाचा वापर केला, हे एक ठोकळेबाज वाक्य सगळे लिहितात, त्याऐवजी त्याने नेमकं काय केलं, आपण कुठे धरलं, बेडी किती वाजता लागली, किती वाजता बसवलं, असं लिहा म्हणाल्या. वेळ लिहिलेली असेल तर पुढे तीच आपल्याला वाचवते.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी म्हणजे महिला आरोपींचा भाग. कायद्याने महिलेच्या अटकेत परिस्थितीने भाग पाडल्याशिवाय पुरुष अंमलदाराने अंगाला हात लावायचा नाही, सूर्यास्तानंतर अटक अपवादानेच आणि मॅजिस्ट्रेटच्या परवानगीने, म्हणजे हे सगळं आमच्यावर येतं. आणि त्याला मिळाला काय तर दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचा एक तास. साडीत असलेल्या बाईला कसं बसवायचं, गरोदर असेल तर पालथं घालायचंच नाही, ओढणी आणि मंगळसूत्र झटापटीत गळ्याला आवळू शकतं, ह्यावर महिला ट्रेनर बोलल्या पण ड्रिल करायला वेळच उरला नाही. काचेच्या बांगड्यांचा विषय तर आम्हीच काढला. बेडी बांगड्यांवर बसली की काच फुटते आणि मनगटात घुसते, त्यामुळे आधी बांगड्या कोपराकडे सरकवायच्या आणि वर रुमाल बांधायचा, किंवा पंचनाम्यात घेऊन काढायच्या. हे त्यांच्या नोट्समध्ये पाहिजे. शिवाय जोड्या लावताना आम्हाला पुरुष सहकाऱ्यांबरोबर लावलं, काही मुली अवघडल्या, कोणी बोललं नाही पण सराव अर्धवट झाला.

दुसरं, मनोरुग्ण. ११२ ला कॉल येतो, घरातला मुलगा तोडफोड करतोय, गेल्यावर कळतं आजारी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे, असा माणूस भटकताना सापडला तर त्याला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. पण त्याच्याशी बोलायचं कसं, किती वेळ थांबायचं, घाई न करता दोन तास बसावं लागलं तरी बसायचं का, ह्यावर काहीच नव्हतं. मारामारीच्या ड्रिल्स थोड्या कमी करून हे घालता आलं असतं.

गाडीचा सराव खुर्च्या मांडून घेतला. बाहेर ठाण्याची बोलेरो उभी होती! आरोपीचं डोकं दाराच्या कडेला आपटतं ते बसवताना, आणि पळतो तो उतरवताना, मग खुर्चीवर काय कळणार. बॅच पण मोठी होती, साठाच्या आसपास लोक आणि मॅट कमी, त्यामुळे मागचे लोक बघत उभे. ट्रेनिंगच्या बेड्या दोन-तीन अडकल्या, चाव्या शोधण्यात वेळ गेला.

आणि शेवटची तक्रार कोर्सची म्हणता येणार नाही पण लिहिते. हे हात परत परत केले नाहीत तर विसरणार. आठवड्याच्या परेडला शेवटची पंधरा मिनिटं बेडी आणि कुशीवर वळवणं एवढंच घेतलं तरी चालेल, त्याला ट्रेनर लागत नाही, मॅट लागत नाही. आम्ही आमच्याकडे ठाणे अंमलदारांना सांगून सुरू केलंय, पाच-सहा जण येतात, वाढतील.

जाणार असाल तर ड्रेसवर आणि बुटांत जा, ट्रॅकपँटवर केलेला सराव रस्त्यावर उपयोगी पडत नाही, कमरेला पट्टा, वायरलेस सेट, लाठी असताना वाकणं वेगळंच असतं. अंगठ्या, घड्याळ, कडं घरी ठेवा. गुडघ्याचं किंवा पाठीचं दुखणं असेल तर सकाळीच कोचना सांगा, ते त्या लोकांना डोक्यापाशी बसायचं काम देतात, पाडायचं नाही, आणि चाळिशीच्या पुढच्यांना ते जमतंही छान. आपल्या ठाण्यातली बेडी आणि चावी सोबत घेऊन जा, शिकायचं ते आपल्याच बेडीवर शिका. पुढच्या बॅचला आमच्याकडून तिघांची नावं गेलीत, त्यात पीआय साहेबांनी स्वतःचं नाव पहिलं लिहिलंय आणि आमच्या सगळ्यात नवीन शिपाई पोराला म्हणालेत, तू माझ्याच जोडीत राहायचं.